वाघाला चालेल असं पुस्तक

आमच्या शाळेची पुस्तकं वाघानं निवडली. ही गोष्ट मी आजवर कुठल्याही प्रशिक्षणात सांगितलेली नाही. प्रशिक्षणात 'पुस्तक निवडीचे निकष' असा तास असतो, तेव्हा मी गप्प बसून समोरच्या बाईंच्या साडीची किनार बघते. खरं सांगितलं तर पुढच्या वर्षी मला बोलवायचे नाहीत, किंवा त्याहून वाईट म्हणजे मलाच तास घ्यायला लावतील.

२०१६ साल असेल. पालघर जिल्हा नवा नवा झालेला, लोक बोलण्याच्या ओघात अजून ठाणे जिल्हाच म्हणायचे. मी डहाणूला भाड्याच्या खोलीत राहायचे आणि रोज स्कूटीनं गंजाडच्या पुढे, डांबर संपतं तिथून आत, एका पाड्यावरच्या शाळेत जायचे. शाळा दोन खोल्यांची आणि शिक्षक दोन. पहिली-दुसरी मुख्याध्यापकांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मी मूळची घाटावरची, आवाज मोठा आणि राग नाकाच्या शेंड्यावर. 'बाय रागाची हाय, पण मारत नाय,' अशी माझी पाड्यावर ख्याती होती आणि मला ती बऱ्यापैकी आवडायची.

मुख्याध्यापकांना सगळे गुरुजी म्हणत. गुरुजी निवृत्तीला टेकलेले, सज्जन, इस्त्रीचा सदरा घालणारे, आणि तात्पर्याचे भयंकर शौकीन. त्यांच्या मते गोष्ट म्हणजे फणसाची साल. ती सोलून फेकायची आणि आतलं तात्पर्य मुलांच्या हातावर ठेवायचं. पुस्तक हातात आलं की ते आधी शेवटचं पान उघडत. तिथे तात्पर्य छापलेलं असलं तर पुस्तक चांगलं, नसलं तर 'करमणूकप्रधान'. हा शब्द ते असा उच्चारत की ऐकणाऱ्याला वाटावं, पुस्तकाला खरूज झाली आहे.

त्या वर्षी वरून सूचना आली की वाचनकोपऱ्याची पुस्तकं यंदा शाळांनी स्वतः निवडायची. नमुन्याची पेटी न्या, मुलांना दाखवा, हवी ती पुस्तकं ठेवून घ्या आणि बाकीची पेटी दिवाळीआधी परत करा. एकदा निवडलं की पुढची काही वर्षं तीच पुस्तकं. मी तर हरखून गेले. मला त्या पेटीतून एक पुस्तक हवंच होतं, कुठलं ते माहीत नव्हतं, पण कुणासाठी ते पक्कं माहीत होतं.

माझ्या तिसरीत एक मुलगी होती. कडेवर धाकटा भाऊ घेऊनच शाळेत यायची आणि दाराशी बसायची, तो रडला तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून. पहिलीत आल्यापासून ती वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. मुकी म्हणावं तर शेळ्यांच्या मागे असताना ओढ्यापलीकडून तिची हाक मला स्कूटीवर ऐकू यायची. वर्गात मात्र ओठ शिवलेले. वाचायला सांगितलं की पुस्तकाकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची, मग भावाला चिमटा काढायची म्हणजे तो रडायचा आणि ती त्याला घेऊन बाहेर. हा चिमटा माझ्या लक्षात यायला मला अख्खा आषाढ-श्रावण लागला.

तिचे आईबाप दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचे ते पावसाच्या तोंडावर परत. यंदा बाप तिलाही नेणार होता. मी भादव्यात त्याच्या अंगणात जाऊन बसले आणि शिक्षणावर बोलले. बरंच बोलले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाय, ती शाळेत बोलत नाय, वाचत नाय. बसून काय करंल? तिकडं पोराला तरी सांभाळंल."

"आणि वाचलं तर?" मी म्हटलं.

त्यानं थोडा विचार केला. "दिवाळीपर्यंत वाचलं तर काकीकडं ठेवीन. नाय वाचलं तर नेईन."

आई चुलीपाशी होती. ती भाकरी थापत राहिली. मी मात्र त्या बोलीवर स्कूटी उडवत घरी आले आणि मग रस्त्यात कुठेतरी लक्षात आलं की दोन वर्षांत जमलं नाही ते मी दोन महिन्यांत करते म्हणून बसले आहे.

तर पेटी आली. गुरुजींच्या मोटरसायकलवर मागे बांधून आली, येताना एकदा पडलीही. आत बरंच काही होतं. गुळगुळीत कागदाची आदर्श मुलांची चरित्रं. बर्फाचा माणूस करणाऱ्या गोऱ्या मुलाचं एक पुस्तक. आमच्याकडे बर्फ म्हणजे मासळीच्या पेटीतला. हात धुवा या विषयावर तीन वेगवेगळी पुस्तकं, तीन वेगवेगळ्या खात्यांची. विटेएवढी जाड सामान्यज्ञानाची प्रश्नमंजूषा. आणि प्राण्यांच्या गोष्टी, ढीगभर.

पुस्तक निवडायची माझी पद्धत सोपी आहे. पुस्तकं वर्गाच्या मधोमध पसरायची आणि आपण बाजूला व्हायचं. ज्या पुस्तकाला दोन मुलं दोन्हीकडून ओढतात ते घ्यायचं. मी सतरंजीवर सगळी पुस्तकं मांडली, पदर खोचला, मारामारी सोडवायच्या तयारीनं उभी राहिले आणि म्हटलं, "चला, घ्या!"

एकही मूल हललं नाही. सगळ्यांनी हात पाठीमागे घेतले होते. डोळे पुस्तकांवर, मान पुढे, आणि हात मागे.

"अरे घ्या की! नवीन आहेत."

"म्हणून तर," चौथीतला एकजण म्हणाला. "अजून नवं नाय केलं."

आता हे मला कळायला हवं होतं. पाड्यावर नवा भात, नवी काकडी, पावसातली पहिली रानभाजीसुद्धा देवाला दिल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. त्याला नवं करणं म्हणतात. शेतात काकड्या लोंबत असतात, पोरं खालून जातात, पण नवं झालं नसेल तर हात लावत नाहीत. मी शहरातल्या कितीतरी सुशिक्षितांना मांडवात वाढायच्या आधी जिलबी उचलताना पाहिलं आहे, त्यामुळे या संयमाचं मला कौतुकच होतं. पण तो संयम माझ्या पुस्तकांवर येऊन बसेल हे कुठे माहीत होतं!

शाळा समितीच्या अध्यक्षांना बोलावलं. अध्यक्ष म्हणजे दोन एकर भात, चार शेळ्या आणि दिवाळीसाठी राखलेला एक तांबडा कोंबडा असलेले गृहस्थ. त्या कोंबड्याचं कौतुक ते नातवापेक्षा जास्त करत. ते आले, पुस्तकांभोवती एक फेरी मारली, हात न लावता. म्हणाले, "पोरं बेस बोलतात. नवं करायला लागंल."

"करा ना," मी म्हटलं. मला वाटलं, नारळ फुटेल आणि पाच मिनिटांत काम होईल.

पण प्रश्न असा निघाला की पुस्तक कुठल्या देवाचं? धान्याची कणसरी, तिला पुस्तकाशी काय करायचंय? गुरुजी पुढे झाले आणि भिंतीवरच्या सरस्वतीच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाले, "ही आहे ना साक्षात विद्येची देवता."

"हाय ना," अध्यक्ष अगदी आदरानं म्हणाले. "पण ती भिंतीवर. पोरं शाळेत येतात ती वाघोबाच्या बाजूनं येतात. वाटंवर तोच बघतो त्यांना."

हे म्हणणं खोडून काढण्यासारखं नव्हतं. पाड्यावरून शाळेकडे येणाऱ्या वाटेत झाडाखाली वाघोबाचा दगड होता, वाघ कोरलेला, वर सूर्य-चंद्र, शेंदूर माखलेला. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात, आणि तो काही कहाणीतला नाही. कुत्रं नाहीसं झालं की लोक आधी तिकडेच बघतात. तर पहिला मान वाघोबाचा हे ठरलं. मग पुढचा प्रश्न, पुस्तकाचा नैवेद्य दाखवायचा कसा? तांदूळ ठेवता येतात, काकडी ठेवता येते. पुस्तक नुसतं ठेवून काय उपयोग?

"वाचून दाखवायचं," मी म्हणाले. माझ्या मेलीच्या तोंडून गेलं खरं.

शुक्रवारी दुपारी शाळा, पालक, शेळ्या सगळे वाघोबापाशी जमले. वाचनाचा मान अर्थातच गुरुजींचा. गुरुजींनी फार विचार करून वाघाचंच पुस्तक निवडलं होतं. "देवासमोर देवाचीच गोष्ट," असं ते मला आधी कानात म्हणालेही. गोष्ट अशी होती की एक म्हातारी वाघाला म्हणते, तुझे पट्टे उसवलेत, ये शिवून देते. वाघ बसतो. म्हातारी त्याची शेपूट खाटेला शिवून टाकते. मग वाघ खाटेसकट गावभर पळतो आणि सगळे हसतात.

पहिल्या दोन पानांना मुलं हसली. मग मोठ्यांकडे बघून गप्प झाली. मोठी माणसं जमिनीकडे बघत होती. अध्यक्ष हळूच एक पाऊल मागे सरले. गुरुजींना यातलं काही दिसलं नाही, त्यांना फक्त शेवटचं पान दिसत होतं. ते आलं तसा त्यांनी आवाज चढवला आणि ऐन वाघोबाकडे तोंड करून म्हणाले, "तात्पर्य! नुसती ताकद असून भागत नाही, डोकंही लागतं."

मी शपथेवर सांगते, दगडातल्या वाघाचे डोळे मोठे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षांचा तांबडा कोंबडा नाहीसा झालेला होता. ओढ्याच्या चिखलात पंजे उमटलेले.

गुरुजींना कुणी एका शब्दानं बोललं नाही. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं. जो भेटेल तो फक्त विचारायचा, "गुरुजी, बरे हाव ना?" आणि उत्तर ऐकून मान डोलवायचा, 'अजून तरी बरे आहेत' अशा अर्थी. गुरुजी मला म्हणाले, "बाई, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. दुसरं काही नाही."

"नाहीच मुळी," मी म्हणाले.

सोमवारी त्यांच्या डिकीत नारळ होता. घरी न्यायचाय म्हणाले. संध्याकाळी वाघोबाच्या दगडापाशी नारळाच्या ताज्या करवंट्या पडलेल्या मी पाहिल्या. त्यानंतर डोळ्यांच्या त्रासामुळे गुरुजी उन्हं उतरायच्या आत घरी निघू लागले, आणि त्या वळणावर मोटरसायकलचा हॉर्न असा लांबलचक वाजवू लागले की शेळ्याही वाट सोडायच्या.

आता भगताला बोलावणं गेलं. भगत म्हणजे पाड्याचं देवाधर्माचं बघणारे, कैनाडच्या बाजूचे, वयस्कर आणि अतिशय सावकाश बोलणारे. त्यांनी पेटीसमोर बैठक मारली, तंबाखू मळली, आणि निकाल दिला. ज्या पुस्तकात वाघाला फसवलंय ते शाळेत नको. पोरं रोज त्याच्या समोरून जातात.

मी पुस्तकं चाळायला बसले आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. एकाही पुस्तकात वाघ शहाणा नव्हता. खारूताई त्याला बनवते, न्हावी बनवतो, खेकडा बनवतो, एका ठिकाणी तर वांगं बनवतं. वांगं! वाघाचा जन्मच मुळी फसण्यासाठी झाला असावा असं लिहिणाऱ्या मंडळींना वाटत होतं. इतकी वर्षं मी या गोष्टी साभिनय सांगत आले होते, पण वाघाच्या बाजूनं त्या कधी ऐकल्याच नव्हत्या. तसं ऐकलं तर फारच अपमानास्पद होतं सगळं.

मग मी सुटसुटीत मार्ग काढला. वाघाची सगळी पुस्तकं बाजूला. वाघ नसलेल्या पुस्तकांचं नवं करून टाकू. अध्यक्षांना तसं सांगितलं तर ते दुखावल्यासारखे झाले.

"त्याचं नावच नाय? म्हंजे जेवायला बोलवायचं आन पान मांडायचं नाय?"

इकडे आड आणि तिकडे विहीर म्हणतात ते हेच. वाघ असला तर फसतो आणि नसला तर रुसतो.

दिवस चालले होते. भाताची कापणी सुरू झालेली. मुलगी दाराशी बसून चिमटे काढतच होती. बाप वाटेत भेटला की हसायचा आणि विचारायचा, "वाचलं का, बाय?" कुत्सितपणे नाही, खरंच विचारायचा, त्यामुळे मला आणखीच राग यायचा. पुस्तकांना हातच लावायचा नाही तर ती वाचणार काय, माझं कपाळ?

मी डहाणूतली दुकानं पालथी घातली. एका रविवारी तलासरीपर्यंत गेले. तिथे वह्यापुस्तकांच्या दुकानातल्या गुजराती शेठना म्हटलं, "वाघाची गोष्ट आहे का? पण वाघ चांगला पाहिजे."

"चांगला एटले?" शेठ म्हणाले. "खातो नाय असा?"

"खाल्लं तरी चालेल. फसायला नको."

शेठनी माझ्याकडे चष्म्यावरून नीट बघितलं. मग आत हाक मारली, "अरे, पेला वाघनो चार्ट काढ तो." जंगली प्राण्यांचा तक्ता निघाला. त्यात वाघ आणि खार एकाच मापाचे होते, आणि खार जास्त भयंकर दिसत होती. "मॅडम, ह्याच्यात तर कोण कोणाला फसवत नाय," शेठ म्हणाले, आणि ते खरंच होतं म्हणून मी तो तक्ता घेतला.

पुस्तक सापडलं ते मात्र पेटीतच. गुरुजी प्रश्नमंजूषा वाचत बसले होते आणि पानात खूण म्हणून त्यांनी एक बारीकसं, दोन पिना मारलेलं पुस्तक घातलं होतं. मी ते ओढून काढलं.

"ते करमणूकप्रधान आहे," गुरुजी म्हणाले. "मागे काहीच छापलेलं नाही."

वाघाला उचकी लागते, अशी ती गोष्ट होती. उचक! कुणीतरी आपली आठवण काढतंय म्हणून वाघ विचारायला निघतो. माकडाला विचारतो, तू काढलीस का माझी आठवण? माकड थरथरत म्हणतं, नाही हो, मी कशाला काढू! उचक! रानडुकराला विचारतो, मोराला विचारतो, सगळे नाही नाही म्हणतात. प्रत्येक पानावर तीच दोन वाक्यं आणि पानभर मोठ्या अक्षरात 'उचक!' शेवटी डबक्यातला म्हातारा बेडूक म्हणतो, मी काढली. चार दिवस पाणी प्यायला आला नाहीस, बरा आहेस ना? उचकी थांबते, वाघ पाणी पितो, संपलं.

मी तिथल्या तिथे पदरानं डोळे पुसले. बेडकासाठी नव्हे. एवढ्या पेटीत एका लेखकाला तरी वाघाबद्दल बरं वाटलं होतं, म्हणून.

भगत, अध्यक्ष आणि चार म्हातारे यांच्यापुढे शाळेच्या ओट्यावर मी ते वाचलं. आयुष्यात एवढी घाबरून मी कुठल्या साहेबापुढेही वाचलेलं नाही.

"वाघाला उचकी लागंल का?" एकानं विचारलं.

"लागंल. पानी नाय पिला ना चार दिस."

"आन समदी घाबरतात त्याला. ते बरोबर लिवलंय."

"बेडूक फसवत तर नाय?"

"नाय, बेडूक विचारपूस करतो."

भगतांनी तंबाखू थुंकली आणि म्हणाले, "परत वाच."

परत वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचायला लावलं, आणि तिसऱ्या वेळी ते सहाही जण माझ्याबरोबर मोठ्यानं 'उचक!' म्हणत होते. एकाला त्यात खरीच उचकी लागली आणि पाणी आणायला पळावं लागलं. पुस्तक पास झालं. वाघबारशीला, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर वाघोबाची पूजा असते त्या दिवशी, त्याचं नवं करायचं ठरलं.

आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक गायब. मी पेटी उलटी केली, दप्तरं झटकली, वर्गाला असं काही झापलं की शेजारच्या खोलीतली पहिली-दुसरी उगाच रडायला लागली. मुलं म्हणाली, आम्ही कसा हात लावू, नवं नाय झालं. तेही खरं. मग माझा संशय गुरुजींवर गेला. माणसाला तात्पर्याचं प्रेम कुठल्या थराला नेईल सांगता येत नाही. गुरुजींनी पेन्शनची शपथ घेतली. चार-पाच दिवसांनी पुस्तक आपोआप पेटीत परत आलं. एका पानाला भाताचं शीत चिकटलेलं, आणि बेडकाच्या पानाचा कोपरा चक्क चघळलेला.

वाघबारशीला दुपारनंतर सगळा पाडा झाडाखाली जमला. पूजा झाली, नारळ फुटले. भगतांनी ठरवलं होतं की पुस्तक पोरांचं, तर पोरांनीच वाचायचं, सगळ्यांनी मिळून. गुरुजी मागे, मोटरसायकलजवळ उभे होते, किल्ली हातात. चाळीस मुलांनी एका दमात 'उचक!' अशी आरोळी ठोकली तशी अध्यक्षांची एक शेळी दावं तोडून पळाली, तिच्यामागे दोन कुत्री, त्यांच्यामागे अध्यक्ष. निम्मी मुलं शेळी बघायला पळाली. उरलेल्यांनी गोष्ट कशीबशी संपवली. भगत म्हणाले, बेस झालं, आणि सगळे जेवायला वळले.

मी पानाची पत्रावळ हातात घेऊन उभी होते. मुलीचा बाप माझ्याच शेजारी जेवत होता. तेवढ्यात दगडाच्या बाजूनं आवाज आला. बारीक, पण स्पष्ट.

ती वाघोबासमोर उकिडवी बसली होती. भाऊ कडेवर, पुस्तक मांडीवर, बोट ओळीवर. तिला वाटत होतं, तिथे कुणी नाही. ती वाघाला एकट्याला वाचून दाखवत होती. मधल्या गोंधळात त्याला नीट ऐकू आलं नसेल, असं तिला वाटलं असणार. 'उचक'वर भाऊ खिदळायचा. मला आधी वाटलं, पाठ म्हणतेय. मग 'रानडुकराला'पाशी ती अडली. रा, न, डु, असं बोटानं पुढे सरकत तिनं तो शब्द फोडला, जोडला, आणि पुढे गेली. पाठ म्हणणारं मूल असं अडत नाही.

मी पत्रावळ तिथेच खाली ठेवली.

"हीच उचक उचक करते होय घरी," बाप म्हणाला. "मला वाटलं पोराला उचकी लागलीय. पानी पाजत होतो त्याला."

"वाचतेय ती," मी म्हटलं. "वाचतेय. तू काय बोलला होतास?"

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याला आनंद झाला होता, ते दिसत होतं. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरला. "वाचते, बाय. बोललो होतो, खरं हाय. पण पोराला कोण बघंल तिकडं? ही तर दोनी हात विटांत."

या 'ही'वर त्यानं बायकोकडे पाहिलं. मला भयंकर संताप आला. माझी पदवी, माझी भाषणं, भिंतीवरचे सुविचार, सगळे ऐन वेळी पाठ दाखवून गेले. तेवढ्यात बाजूला जेवणाऱ्या भगतांनी तोंडातला घास सावकाश संपवला.

"तिनं ऐकवलं त्याला?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"एकटीनं? आख्खं?"

"आख्खं."

"मग झालं," भगत म्हणाले. "ज्यानं सुरू केलं त्यानं पुढच्या वाघबारशीपर्यंत ऐकवायला लागंल. मधी सोडलं तर चालायचं नाय." आणि त्यांनी आणखी भात मागितला.

बाप एक मिनिटही थांबला नाही. म्हणाला, "हां, मग राहील ती. पोराला माझी भाची येईल." दोन महिने मी जे समजावत होते ते एका घासात झालं. अशी प्रथा खरंच होती की भगतांनी ती भात चावताना तयार केली, हे मी त्यांना विचारलं नाही आणि विचारणारही नव्हते.

एकाचं नवं झालं म्हणजे सगळ्या पेटीचं झालं, त्यामुळे पुस्तकांची निवड दोन दिवसांत उरकली. वांग्यानं वाघाला बनवलेलं पुस्तक गुरुजींनी स्वतःच्या हातानं परत पाठवायच्या ढिगात टाकलं. उचकीच्या पुस्तकात मात्र त्यांनी शेवटच्या पानावर सुबक अक्षरात 'तात्पर्य :' एवढं लिहिलं. पुढे काही सुचलं नाही. ती दोन टिंबं अजून तशीच आहेत.

दिवाळीनंतर ट्रक आला. पाड्यावरची बरीच माणसं जाणार होती. भांडी, गोधड्या, कोंबड्या, मुलं असं सगळं वर चढत होतं. मी मुद्दाम गेले होते. खरं सांगायचं तर जिंकलेल्या माणसासारखी गेले होते. मुलगी काकीजवळ उभी होती. तिची आई ट्रकमध्ये चढता चढता थांबली, खाली उतरली आणि माझ्यापाशी आली. माझ्याशी ती पहिल्यांदाच बोलत होती.

"बाय, ती झोपंत पांघरूण लाथाडते," ती म्हणाली. "थंडीचं परत घालायला लागतं."

मी मान हलवली. ट्रक गेला, धूळ खाली बसली. मुलगी रडली नाही. तिची कड मोकळी होती आणि तो हात कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली आणि दाराशी न बसता माझ्या खुर्चीला टेकून बसली. तिला आज काय वाचायला द्यावं म्हणून मी निवडलेल्या पुस्तकांपुढे बसले. पहिलं उघडलं, आई गरम भाकरी वाढत होती. दुसऱ्यात आई वेणी घालत होती. तिसऱ्यात चिमणीची आई, चौथ्यात हत्तीची आई, मांडी नाहीतर पंख पसरून. काल आई गेली त्या मुलीला यातलं कुठलं देऊ? मी एकेक चाळत गेले, बाजूला ठेवत गेले. तळाशी सायकलचं पंक्चर कसं काढतात याचं एक पुस्तक निघालं. एक माणूस, एक ट्यूब आणि पाण्याचं घमेलं. त्यात आई कुठेच नव्हती. मी सुटकेचा श्वास टाकून ते तिच्या हातात दिलं.

तिनं बोट ठेवून ते सबंध वाचलं, हळू आवाजात. मग पहिल्या पानावर परत गेली, शेवटपर्यंत पुन्हा पानं उलटली, काहीतरी शोधल्यासारखी. आणि मान वर करून शाळेत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

"बाय, ह्याची आयस कठं हाय?"

गुरुजी पलीकडच्या खोलीत पाढे म्हणून घेत होते. मी पुस्तकातल्या त्या माणसाकडे बघितलं.

"कामाला गेलीय," मी म्हटलं. "पावसाच्या आधी येईल."

तिनं मान डोलवली आणि पान उलटलं.